मशेरीची पुडी

"उशीर होतोय. दर्भाचा कावळा करून घेऊ का?" गुरुजींनी पुन्हा विचारलं. त्यांना वाईला दुसरं काम होतं.

"वाईच दम धरा की," आक्का आत्या म्हणाली. "शालिनीची कायतरी इच्छा राहिलीया. ती कळल्याबिगर न्हाई शिवायचा त्यो."

माहुलीच्या घाटावर आम्ही आईच्या दशक्रियेला बसलो होतो. पायरीवर पिंड, त्याच्या भोवती द्रोणांत कांदाभजी आणि कंदी पेढे, आणि काचेच्या पेल्यात आईच्या आवडीचा जास्त साखरेचा चहा. चहावर साय धरली होती. पलीकडच्या पिंपळावर कावळे भरपूर होते. शेजारी विधीला बसलेल्यांचा पिंड त्यांनी ठेवल्या ठेवल्या फस्त केला होता. आमच्याकडे मात्र एकही फिरकत नव्हता.

माझा भाऊ उमेश हात जोडून पिंडासमोर उभा होता. डोकं नुकतं भादरलेलं, उन्हानं लाल झालेलं. "आई, तुझं वर्षश्राद्ध नीट करीन," तो म्हणाला. कावळा हलला नाही. "आई, अण्णांना अंतर देणार नाही."

"दत्तूची काळजी करू नगंस गं," आत्यानं पिंडाकडे बघत सांगितलं. "त्याच्या जेवनाखान्याचं मी बघते."

मी मागे उभी राहून ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं. आई गेली होती आणि घाटावरच्या सगळ्या शपथा अण्णांसाठी चालल्या होत्या. अण्णा म्हणजे आमचे वडील, आत्याचा दत्तू. ते दोन पायऱ्या वर, सावलीत बसले होते. एसटीत आयुष्य काढलेला, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. त्या दिवशीही शर्ट इस्त्रीचा होता आणि खिशात सिगारेटचं पाकीट होतं. खिशाचं कापड पातळ, पाकिटावरचं नावसुद्धा वाचता येत होतं.

आईची इच्छा काय होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिनंच मला सांगितलं होतं.

गोडोलीत आमचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत अण्णांची खुर्ची. साताऱ्याची थंडी बाधते म्हणून खिडक्या बंद, आणि बंद खोलीत सकाळच्या चहापासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत सिगारेट. राख झाडायला त्यांनी एक स्टीलची वाटी घेतली होती. ती आईच्या लग्नातल्या भांड्यांतली. तिच्यावर 'चि. सौ. कां. शालिनी हिस मामाकडून' असं कोरलेलं होतं. आई रोज सकाळी ती वाटी घासायची आणि पुन्हा खुर्चीच्या हातावर ठेवायची. तिनं आयुष्यात कधी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही. तिलाच फुप्फुसाचा कॅन्सर झाला.

माझी वहिनी मेघा तेव्हा सातव्या महिन्यात होती. मेघाला आईवडील नव्हते, काकांकडे वाढलेली पोर, त्यामुळे बाळंतपण आमच्याच घरी व्हायचं होतं. शेवटच्या आठवड्यात आईनं मला जवळ बोलावलं. बोलताना मध्येमध्ये थांबावं लागत होतं.

"हेमा, मेघाचं बाळ त्या धुरात नको गं वाढायला."

"आत्ता जाऊन सांगते अण्णांना," मी उठलेच.

तिनं माझं मनगट धरलं. हातात जोर उरला नव्हता, तरी धरलं. "मी आहे तोवर नको. त्यांना सोसायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

म्हणून मी गप्प राहिले. माझ्या जिभेला हाड नाही असं सासरमाहेर दोन्हीकडे म्हणतात, तरी आईला नेईपर्यंत आणि नंतरही इतके दिवस मी तोंडातून शब्द काढला नाही. पण आता आईच नव्हती, मग शपथ तरी कुणासाठी पाळायची? आणि इच्छा सांगायची जागा तर हीच होती.

मी वरच्या पायरीवर गेले. "अण्णा, खाली या. पिंडासमोर."

"मी काय करू येऊन? उमेश करतोय की सगळं."

"कावळा तुमच्यासाठी थांबलाय. एवढंच म्हणा, घरात सिगारेट पेटवणार नाही. बाळ यायचंय घरात."

अण्णांनी आजूबाजूला बघितलं. भावकीतली चार माणसं ऐकत होती. "हा विषय इथं कशाला आता?"

"आईनं सांगितलंय म्हणून."

"बघू नंतर."

"नंतर नाही. आत्ता. चार शब्द आहेत."

"ताई," खालून उमेश कळवळून म्हणाला, "लोकांत नको गं. घरी गेल्यावर बोलू."

"घरी गेल्यावर हे खुर्चीत बसतील आणि काडी ओढतील. मग काय बोलणार आहेस तू?"

उमेश गप्प बसला. आमच्या घरात पुरुषांना गप्प बसणं फार छान जमतं.

"ए पोरी!" आत्या गुडघ्यावर हात टेकत उठली. ती अण्णांची थोरली बहीण, सगळे तिला वचकून असत. "बापाला घाटावर आसं बोलत्यात व्हय? आधीच त्यो खचलाय. आन् शालिनीची इच्छा ही न्हवंच. तिला काय पायजे ते मला ठावं हाय. मी संगंच आणलंया."

तिनं कनवटीला खोचलेली कागदाची पुडी काढली आणि सोडली. आत काळी भुकटी होती. भाजलेल्या तंबाखूचा वास माझ्यापर्यंत आला.

"मशेरी," ती म्हणाली. "आज सकाळीच भाजली. चिमूटभर ठिवा पिंडापाशी, बघा लगेच शिवतोय का न्हाई."

मला काही कळेना. "मशेरी कशाला?"

"आता मेलेल्या मानसाचं काय लपवायचं? लावत हुती ती. चोरून. तवाच त्यो रोग झाला न्हाई का."

"कोण लावत होती? आई?"

"मग कोन?"

"तुला कुणी सांगितलं हे?"

आत्या अडखळली. तिनं वर, सावलीत बघितलं. "ह्यानंच की. मी इचारलं, आरं दत्तू, बाई निर्व्यसनी, आन् तिला आसला रोग कसा रं झाला? तर ह्यो म्हनला, आक्का, मशेरी लावायची, मलाबी उशिरा कळलं."

मी अण्णांकडे वळले. ते नदीकडे बघत होते. एवढं पाणी वाहत होतं आणि जणू त्यांनी ते कधी बघितलंच नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सांगा," मी म्हटलं. "आई मशेरी लावायची?"

"हेमा, हळू बोल."

"हळू नाही बोलणार. मशेरीनं तोंड सडतं आत्या. हिचं फुप्फुस सडलं. पुण्याच्या डॉक्टरांनी काय विचारलं होतं, सांगू सगळ्यांना? मी होते तिथं. डॉक्टर म्हणाले, बाई ओढत नाहीत, तर मग घरात कोण ओढतं? आईनं आधी ह्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, कोणी नाही हो, लहानपणी चुलीपुढं बसायचे, त्याचा धूर. मरायला टेकलेली बाई ह्यांच्यासाठी खोटं बोलली!"

"हेमा..."

"मी म्हटलं डॉक्टर, हे ओढतात. तर आईनं टेबलाखालून मला चिमटा काढला. डॉक्टर ह्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, रोजच्या धुरात बसणाऱ्या माणसालाही हा रोग होतो, खरं सांगा. आणि हे काय म्हणाले माहितीय? 'मी ओढतो. पण बाहेर जाऊन ओढतो.' बाहेर! अहो, आयुष्यभरात हे एक सिगारेट तरी उंबऱ्याबाहेर घेऊन गेलेत का? पाऊस असो, पाहुणे असोत, उमेशला गोवर आलेला असो. आईनं घासलेल्या वाटीत राख झाडली ह्यांनी. तिचं नाव आहे त्या वाटीवर!"

घाटावर सगळे थांबले होते. शेजारी विधीला बसलेली माणसंसुद्धा वळून बघत होती. गुरुजी पंचांगात डोकं घालून बसले.

अण्णा म्हणाले, "मी तिचे पाय चेपले. दवाखान्यात तिच्या खाटेखाली झोपलो."

ते खरं होतं, आणि त्यानं मी आणखी भडकले. पाय चेपले होते. रडलेही होते. आणि मधूनमधून फाटकाबाहेर जाऊन, तोंड पुसून परत आले होते. म्हणजे बाहेर जाणं जमत होतं. फक्त आईसाठी जमलं नव्हतं.

"मग मशेरीचं का सांगितलंत?"



"जाऊ दे गं पोरी," आत्या पुटपुटली आणि पुडी घेऊन पिंडाकडे वाकली. "कारन कायबी आसू दे. एक चिमूट ठिवून तर बघू."

मी तिच्या हातातून पुडी हिसकावली आणि भिरकावून दिली. ती नदीत पडावी म्हणून फेकली होती. पण वारा समोरचा होता. कागद एकीकडे उडाला आणि काळी भुकटी पायरीवर, द्रोणांवर, पिंडावर सांडली.

आणि कावळा आला.

पिंपळावरून एक सरळ उतरला, पिंडावर चोच मारली, भाताचं शीत उचललं. त्याच्यामागे आणखी दोन आले. पेला कलंडला, चहा पायरीवरून ओघळला.

"शिवला!" आत्या ओरडली. "शिवला गं बाई! बघा, मशेरी पडली न् शिवला!"

"शिवला, शिवला," भावकीतली माणसं म्हणाली. सगळ्यांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, बाईचा जीव मशेरीतच अडकला होता. दुसऱ्यानं मान डोलावली. मी ओरडून सांगत होते की हा योगायोग आहे, आई मशेरी लावत नव्हती. कुणी ऐकेना. कावळ्यानं साक्ष दिल्यावर माझं कोण ऐकणार? डॉक्टरांसमोर बोललेलं खोटं, आत्याला सांगितलेलं खोटं, आणि आता त्यावर कावळ्याचं शिक्कामोर्तब. तेही माझ्या हातानं सांडलेल्या मशेरीवर.

अण्णा उठले. "सुटली बिचारी," असं म्हणाले, पिंडाला लांबूनच नमस्कार केला आणि पिंपळामागे गेले. थोड्या वेळानं तिकडून धूर दिसला.

घरी आलो तेव्हा मेघा दारात पायांवर पाणी घालायला तांब्या घेऊन उभी होती. गरोदर बाईनं घाटावर यायचं नसतं म्हणून ती घरीच होती. आत्यानं पाय धुता धुताच तिला सगळं सांगितलं. मशेरी सांडली, कावळा शिवला, शालिनी सुटली.

मेघा कधी कुणाला उलटून न बोलणारी मुलगी. तिनं तांब्या खाली ठेवला. "आई मशेरी लावत नव्हत्या," ती म्हणाली. "लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी मी आणि त्या मोरीपाशी बरोबर दात घासायचो. एवढंसं घर आहे आत्या. मला वास आला नसता?"

"आगं पन कावळा..."

"कावळ्याला काय माहीत?"

आत अण्णा त्यांच्या खुर्चीत बसले होते. आम्ही आत येईपर्यंत त्यांनी काडी ओढली होती. खोली बंद, भिंती पिवळ्या पडलेल्या. आईचा हार घातलेला फोटो समोर, आणि खुर्चीच्या हातावर ती वाटी. अण्णांनी राख झाडली. आपण काही विशेष करतोय असं त्यांच्या गावीही नव्हतं.

मी पुढे झाले, वाटी उचलली, राख त्यांच्या पायांपाशी फरशीवर ओतली आणि वाटी पदरानं पुसली.

"काय चाललंय तुझं?" ते म्हणाले.

"आईची वस्तू घेऊन चाललेय."

"ताई," मागून मेघा म्हणाली, "तुमच्याकडे मला जागा आहे का?"

मी वळून बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज हलला नाही.

"कोरेगावात आमचं घर केवढं आहे ते तू बघितलंयस. पण धूर नाही."

"मग मला न्या."

उमेश गडबडला. "मेघा, अगं अजून तेरावं व्हायचंय. आणि अण्णा एकटे पडतील."

"आई कुठं एकट्या होत्या?" मेघा म्हणाली.

अण्णांनी सिगारेट विझवायला हात खुर्चीच्या हाताकडे नेला. वाटी तिथं नव्हती. ते क्षणभर थोटूक तसंच बोटांत धरून बसले, मग फरशीवर टाकून चपलेनं चिरडलं. विझवली का, तर वाटी सापडली नाही म्हणून. मेघासाठी नव्हे.

त्याच दुपारी मी तिला रिक्षानं कोरेगावला आणलं. तेरावं झाल्यावर उमेशही आला, ट्रंक घेऊन, खाली मान घालून. मी त्याला काही बोलले नाही. आला हे पुष्कळ झालं.

मेघाला मुलगी झाली. आज ती कॉलेजात जाते, टेकडी धावत चढते आणि वरून मला हाका मारते. पण मला सांगायचंय ते तिच्या बारशाचं.

बारशाला अण्णा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात नातीसाठी चांदीचे वाळे. बरोबर आक्का आत्या. बायकांनी पाळणा फुलांनी सजवला होता, घुगऱ्या वाटायच्या होत्या. अण्णांनी पाळण्यात वाकून बघितलं. डोळे भरून आले त्यांचे, ते मी पाहिलं. म्हणाले, "कपाळ अगदी शालिनीचं."

मग ते खुर्चीत बसले आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. सवयीनं, न बघता. पाकीट बाहेर आलं, सिगारेट ओठांत गेली. पाळणा त्यांच्यापासून हातभर लांब होता.

मेघा पाळण्याकडे धावली. मी अण्णांकडे गेले.

"अण्णा, उठा."

"एकच. खिडकीपाशी उभा राहून ओढतो."

"डॉक्टरांना काय सांगितलं होतं तुम्ही?"

काडेपेटी काढणारा त्यांचा हात थांबला.

"बाहेर जाऊन ओढतो, असं सांगितलं होतंत ना? मग जा बाहेर."

"हेमा, आज बारसं आहे. लोक आहेत."

"लोक त्या दिवशीही होते."

ते उठले. मला वाटलं, सिगारेट खिशात घालतील आणि परत बसतील. मी तेवढ्यासाठी थांबलेही. ते सिगारेट ओठांत तशीच धरून दाराबाहेर गेले. मी दार लावलं आणि कडी घातली.

"आगं, आजा हाय त्यो तिचा!" आत्या कळवळली. "नाव तरी ऐकू दे त्याला."

"ऐकू येतं बाहेर."

बायकांनी पाळणा म्हटला. बाहेरून अण्णांचा खोकला ऐकू येत होता. मध्ये एकदा त्यांनी दारावर बोटं वाजवली, हळूच. मेघानं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली नाही.

नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव हळू सांगायचं असतं. मी वाकले, 'कुर्र' केलं, आणि मग ताठ उभी राहून मोठ्यानं, दारापलीकडे जाईल अशा आवाजात म्हटलं, "शालिनी!"

बाहेरचा खोकला थांबला. आत्यानं पदर तोंडाला लावला. आता ते दारावर थाप मारतील, काहीतरी बोलतील, निदान रडतील, म्हणून मी कडीवर हात ठेवून उभी राहिले.

बाहेर काडी ओढल्याचा आवाज आला.

मी कडीवरचा हात काढून घेतला आणि घुगऱ्या वाटायला लागले.